विंडसरचा सूचीकार

साल १५४३. इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री. लंडनमध्ये एका कैद्यापुढे दोन जाडजूड ग्रंथ ठेवले आहेत, एक लॅटिन आणि एक इंग्रजी. शेजारी कोरे कागद, लेखणी, शाई. चौकशीला बसलेल्या धर्माधिकाऱ्यांनी त्याला काही शब्द निवडून दिले आहेत. हे शब्द बायबलच्या कोणत्या पुस्तकात, कितव्या अध्यायात आणि कशा संदर्भात आले आहेत ते त्यानं शोधून लिहून दाखवायचं आहे. मदतीला कुणी नाही.

हा कैदी कुणी पंडित नव्हता. जॉन मार्बेक त्याचं नाव. विंडसरच्या किल्ल्यातल्या सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये तो ऑर्गन वाजवायचा. त्याच्या घराच्या झडतीत हातानं लिहिलेल्या कागदांची भली मोठी थप्पी सापडली आणि ती पाहून अधिकारी चक्रावले. ज्याला लॅटिन जेमतेम येतं अशा वादकानं हे सगळं एकट्यानं केलं, हे त्यांना पटेना. मागे कुणीतरी विद्वान असणार, त्याचं नाव याच्याकडून काढून घ्यायला हवं, असा त्यांचा होरा होता. मार्बेकनं सांगितलं की माझं काम 'एल' या अक्षरापर्यंत आलं आहे. पुढच्या 'एम'पासूनचे शब्द तुम्हीच निवडा, मला पुस्तकं द्या आणि बघा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यानं तीन ताव आणि वर थोडं भरून अधिकाऱ्यांच्या हाती ठेवलं.

ही हकिगत आपल्यापर्यंत आली ती जॉन फॉक्स या इतिहासकारामुळे. इंग्लंडमध्ये धर्मासाठी छळ सोसलेल्या माणसांच्या कहाण्या त्यानं सोळाव्या शतकात जमवल्या. मार्बेक ज्याच्यासाठी मृत्यूच्या दारात जाऊन आला, त्या कामाला इंग्रजीत कॉन्कॉर्डन्स म्हणतात. मराठीत शब्दसूची म्हणू. ग्रंथातले शब्द अक्षरक्रमानं मांडायचे, प्रत्येक शब्दाखाली तो जिथं जिथं आला त्या सगळ्या जागा द्यायच्या, आणि ओळखू यावं म्हणून त्याच्या आजूबाजूचे चार शब्दही द्यायचे. झालं. ऐकायला कारकुनी वाटतं. पण एक शब्द घेऊन पाहा. 'मीठ' घ्या.

शब्दसूचीत 'मीठ' उघडलं की आपण पहिल्यांदा उत्पत्तीच्या पुस्तकात जातो. तिथं सदोम नगरी जळत असताना लोटाची बायको मागे वळून पाहते आणि मिठाचा खांब होते. पुढं गणना या पुस्तकात देवानं केलेल्या कराराला मिठाचा करार म्हटलं आहे. राजांच्या पुस्तकात अलीशा हा संदेष्टा नासलेल्या झऱ्यात मीठ टाकतो आणि पाणी गोडं होतं. ईयोब आपल्या दुःखात अळणी अन्नाविषयी विचारतो. आणि मग मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरच्या प्रवचनात येशू आपल्या शिष्यांनाच पृथ्वीचं मीठ म्हणतो. या पाच जागा लिहिणारी माणसं वेगळी, काळ वेगळे, मधे शेकडो वर्षं. बायबल पहिल्या पानापासून वाचत गेलं तर एक जागा सापडेपर्यंत आधीची विसरलेली असते. सूचीत मात्र त्या एकाखाली एक उभ्या राहतात आणि एकमेकींशी बोलू लागतात. शिक्षा म्हणून आलेलं मीठ, वचनाचं मीठ, पाणी बरं करणारं मीठ, चव देणारं मीठ, आणि मग माणूसच मीठ. प्रवचनकाराला यातून तासाभराचं निरूपण मिळेल. आणि ज्याला प्रवचनकारावर अवलंबून राहायचं नाही, त्याला निरूपण स्वतःचं स्वतः करता येईल. १५४३च्या इंग्लंडमध्ये पेच पडला तो नेमका इथं.

त्याच वर्षी मे महिन्यात हेन्रीच्या पार्लमेंटनं एक कायदा केला. इंग्रजी बायबल कुणी वाचावं आणि कुणी वाचू नये, हे त्यात ठरवलं होतं. सरदार आणि प्रतिष्ठित मंडळींना मुभा होती. कारागीर, उमेदवार, मजूर, शेतकरी आणि सामान्य घरातल्या बायका यांना बंदी. आणि त्याआधीची काही वर्षं राजाच्याच चॅपेलमधला एक वादक, कुणीही उघडावं आणि हवा तो शब्द पाहावा, अशी इंग्रजी बायबलची किल्ली घरी बसून घडवत होता.

मार्बेकनं हे काम हाती कसं घेतलं, ती गोष्ट मला त्याच्या खटल्याहूनही मोठी वाटते. १५३७ साली 'मॅथ्यू बायबल' नावानं ओळखलं जाणारं इंग्रजी बायबल बाजारात आलं. त्यातला मोठा भाग विल्यम टिंडेल या भाषांतरकारानं केलेला होता. त्याला आदल्याच वर्षी बेल्जियममधल्या फिलफोर्डे इथं मारण्यात आलं होतं. हे पुस्तक मार्बेकला हवं होतं, पण पगार तुटपुंजा आणि ग्रंथ महाग. तेव्हा त्यानं ठरवलं की मित्रांकडून उसनं आणायचं आणि सगळं बायबल हातानं उतरवून काढायचं. सगळं! चांगल्या मोठ्या कागदावर त्यानं मोशेची पाचही पुस्तकं लिहून संपवली आणि तो यहोशवाच्या पुस्तकापर्यंत पोचला. एक दिवस टर्नर नावाचा मित्र अचानक घरी आला आणि हा खटाटोप पाहून म्हणाला की एवढी मेहनत करतोच आहेस तर नक्कल कशाला, शब्दसूची कर. मार्बेकनं विचारलं, शब्दसूची म्हणजे काय? टर्नरनं समजावलं की लॅटिनमध्ये अशी सूची आहे, इंग्रजीत अजून नाही. मार्बेक म्हणाला, मला एवढी विद्या नाही. त्यावर टर्नरनं जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की या कामाला विद्येपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि तू तर रिकामा बसूच न शकणारा माणूस आहेस.

मित्र असावा तर असा. मार्बेकनं लॅटिन शब्दसूची उसनी आणली आणि कामाला लागला.

ती लॅटिन सूची तरी कुठून आली? त्यासाठी आणखी तीनशे वर्षं मागं, पॅरिसला जावं लागतं. तिथल्या सेंट जाक या डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर हा विद्वान साधू होता. डॉमिनिकन म्हणजे गावोगाव हिंडून प्रवचन करणारा पंथ, आणि प्रवचनकाराला वचनं चटकन सापडायला हवीत. तेराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात ह्यूच्या देखरेखीखाली या मठात लॅटिन बायबलची पहिली मोठी शब्दसूची तयार झाली. पाचशे साधू या कामावर होते अशी आख्यायिका आहे. आकडा फुगवलेला असेल, पण काम एकट्यादुकट्याचं नव्हतं हे नक्की.

तेव्हा बायबलच्या अध्यायांना आजच्यासारखे आकडे नुकतेच मिळू लागले होते. स्टीफन लँग्टन यानं पॅरिसमध्ये शिकवताना ही अध्यायांची विभागणी रूढ केली. हाच पुढं कँटरबरीचा आर्चबिशप झाला. वचनांचे आकडे मात्र अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हते. मग लांबलचक अध्यायात नेमकी जागा दाखवायची कशी? सेंट जाकच्या मंडळींनी प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात सात भाग पाडले आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली. अमुक अध्याय, डी भाग, म्हणजे अध्यायाच्या साधारण मध्यावर. पानावर काही लिहिलेलं नाही, रेघ नाही, खूण नाही, तरी कुठल्याही गावातल्या कुठल्याही हस्तलिखितात ही युक्ती चालायची. पुस्तकाचं पान बदललं तरी पत्ता बदलत नाही. इतकी साधी कल्पना, आणि तिच्यावाचून सगळा डोलारा उभाच राहिला नसता.

या पहिल्या सूचीत एक उणीव होती. तिच्यात शब्द आणि त्याच्या जागा एवढंच होतं, आजूबाजूचं वाक्य नव्हतं. वारंवार येणारा शब्द पाहायला जावं तर रकानेच्या रकाने नुसत्या खुणांचे. हवी ती जागा कोणती, हे एकेक उघडून बघायचं. म्हणून त्याच मठातल्या इंग्रज साधूंनी पुढं प्रत्येक जागेसोबत पूर्ण वाक्यं दिली. ती सूची इतकी फुगली की वापरणं अवघड. मग तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिसरी आवृत्ती झाली. हिच्यात प्रत्येक जागेला मोजकेच शब्द. हाच घाट पुढं टिकला, आणि आज संगणकावर काही शोधलं की प्रत्येक निकालाखाली जी अर्धी-एक ओळ दिसते, तिचं मूळ या तिसऱ्या प्रयत्नात आहे.

ह्यू पुढं कार्डिनल झाला आणि १२६३ साली वारला. इटलीतल्या त्रेव्हिझो गावी डॉमिनिकन मठाच्या भिंतीवर तोमासो दा मोदेना या चित्रकारानं १३५२ साली त्याचं चित्र काढलं. टेबलाशी बसून लिहिणाऱ्या ह्यूच्या नाकावर चष्मा आहे. चष्मा घातलेल्या माणसाचं हे जगातलं सर्वांत जुनं ज्ञात चित्र. ह्यूच्या हयातीत चष्म्याचा शोध लागलेला नव्हता, पण सूची करणाऱ्याचे डोळे शिणणारच हे चित्रकाराला बरोबर कळलं होतं.

या सगळ्यातली सर्वांत धाडसी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी अक्षरक्रमाकडे बोट दाखवीन. आपल्याला आज त्याचं काहीच वाटत नाही. मध्ययुगातल्या विद्वानाला मात्र जगाचा एक ठरलेला क्रम होता. ज्ञानकोश लिहायचा तर आधी देव, मग देवदूत, मग माणूस, मग पशुपक्षी, झाडं, दगड. मांडणीतच मान होता. अक्षरक्रम हा मान ओळखत नाही. इंग्रजी सूचीत 'ॲस' म्हणजे गाढव हे 'गॉड'च्या कितीतरी आधी येतं, आणि राजाला भिकाऱ्यामागं उभं राहावं लागतं. पवित्र ग्रंथाची अशी फेरमांडणी करायची तर दोन गोष्टींवर भरवसा हवा. एक, ग्रंथातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. दुसरी, तो शब्द शोधायला येणारा माणूस स्वतः विचार करू शकतो. तेराव्या शतकात हा माणूस म्हणजे शिकलेला साधू होता. मार्बेकनं ही सोय इंग्रजीत आणली, आणि मग हा माणूस म्हणजे कुणीही झाला.

आता मार्बेकच्या मेजावर जरा वाकून पाहू. डावीकडे लॅटिन सूची, उजवीकडे इंग्रजी बायबल असं समजू. लॅटिन सूचीतला एक शब्द घ्यायचा, त्याच्या पहिल्या जागेचा पत्ता वाचायचा, इंग्रजी बायबलात तो अध्याय काढायचा, दाखवलेल्या भागावर बोट ठेवून ओळीमागून ओळ उतरायची, आणि त्या लॅटिन शब्दाच्या जागी इंग्रजीत काय घातलं आहे ते हेरायचं. सापडलं की सोबतचे शब्द उतरवून घ्यायचे. मग पुढचा पत्ता. लॅटिन वाचता आलं नाही तरी ही वाट चालता येते, कारण अर्थ इंग्रजी पान सांगतं. जेमतेम लॅटिनवर त्याचं भागलं ते यामुळे. अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

पण इथंच खरी कटकट सुरू होते. पाण्याला लॅटिनमध्ये 'आक्वा', म्हणजे तो सूचीच्या पहिल्याच अक्षरात. इंग्रजीत 'वॉटर', म्हणजे पार शेवटाकडे. सगळा क्रम मोडून नव्यानं लावायचा. त्यात भाषांतरकार एकाच लॅटिन शब्दाला जागोजागी निरनिराळे इंग्रजी शब्द देणार, आणि एकाच इंग्रजी शब्दात दोन-तीन लॅटिन शब्द येऊन मिळणार. म्हणजे एक ढीग चार ढिगांत वाटायचा, आणि चार ढिगांतलं उचलून एकात घालायचं. पुढं १६११ साली निघालेल्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये सुमारे पावणेआठ लाख शब्द आहेत. मार्बेकपुढचा ग्रंथही याच मापाचा. दिवसा चॅपेलची प्रार्थना, गायकवृंद, ऑर्गन. उरलेल्या वेळात हे.

१५४३च्या मार्च महिन्यात विंडसरला झडत्या झाल्या. मार्बेकच्या घरात शब्दसूचीच्या कागदांसोबत आणखी एक कागद मिळाला. जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकानं मिस्सा या उपासनाविधीच्या विरोधात लिहिलेल्या एका पत्राची ती नक्कल होती, मार्बेकच्या अक्षरात. मिस्साविरुद्ध बोलणं हे १५३९च्या कायद्यानं पाखंड ठरलं होतं, आणि पाखंडाची शिक्षा म्हणजे जिवंत जाळणं. मार्बेक म्हणाला, ही नक्कल मी कायद्याच्या आधी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केली. त्याला लंडनच्या मार्शलसी तुरुंगात डांबलं आणि पुन्हा पुन्हा चौकशीला उभं केलं. प्रत्येक वेळी मागणी एकच, की विंडसरमध्ये तुझ्या मताचे आणखी कोण आहेत त्यांची नावं सांग. त्यानं एकही नाव दिलं नाही. त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर याच्या दारी खेटे घालत होती, नवऱ्याला नुसतं भेटू द्या म्हणून.

हा गार्डिनर कसलेला मुत्सद्दी. शब्दसूचीचं मोल त्याला लगेच उमगलं, आणि धोकाही. फॉक्स सांगतो की असं पुस्तक इंग्रजीत निघालं तर लॅटिनचा निकाल लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याची भीती अगदी खरी होती असं मला वाटतं. लॅटिन ही नुसती भाषा नव्हती, ती दारावरची राखण होती. दुसरीकडे चौकशी करणाऱ्यांतल्याच काहींचं मन पालटलं. आपल्या कित्येक पाद्र्यांपेक्षा या माणसानं वेळ सत्कारणी लावला, असं त्यांच्यात बोललं गेलं. पुढं ही गोष्ट राजाच्या कानावर गेली तेव्हा तोही म्हणाला म्हणे, की बिचाऱ्या मार्बेकवर आरोप करणाऱ्यांनी आपला वेळ एवढा बरा घालवला असता तर त्यांचं भलं झालं असतं.

जुलैत विंडसरला खटला उभा राहिला. मार्बेकसह चौघांना जाळण्याची शिक्षा झाली. अँथनी पीअर्सन हा धर्मोपदेशक, रॉबर्ट टेस्टवुड हा मार्बेकसारखाच चॅपेलमधला गायक, आणि हेन्री फिल्मर हा गावातला माणूस. या तिघांना किल्ल्याजवळ जाळलं. मार्बेकला राजाची माफी मिळाली. त्याला वाचवण्यात खुद्द गार्डिनरचा हात होता असं मानतात. त्याची कला कामी आली असेल, त्याचा सरळपणा असेल, आणि ते तीन ताव पाहिलेल्यांचं मतही असेल. फॉक्सच्या ग्रंथात सुरुवातीला मार्बेकलाही जाळल्याचं छापून गेलं होतं. पुढं ती चूक दुरुस्त झाली, आणि ती वाचायला मार्बेक जिवंत होता. झडत्यांमागचा मुख्य माणूस डॉक्टर जॉन लंडन. हा त्याच वर्षी खोटी शपथ घेतल्याबद्दल दोषी ठरला. घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसवून विंडसर, रेडिंग आणि न्यूबरी या गावांतून त्याची धिंड काढली, आणि तो तुरुंगातच मेला.

मार्बेक विंडसरला परतला, आपल्या ऑर्गनपाशी. शब्दसूचीचे कागद गेले होते. एल अक्षरापर्यंतची सगळी वर्षं गेली होती. त्यानं पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

हे वाक्य लिहिताना मी थबकतो. ज्या कामानं आपल्याला चितेपाशी नेलं, तेच काम तो त्याच घरात परत मांडतो. अजून हेन्रीच राजा आहे, अजून तेच कायदे आहेत. १५४७ साली हेन्री मेला, नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि वारं फिरलं. तोवर सूची पूर्ण होत आली होती. पण छापायला घेतली तर आकार अवाढव्य, खर्च परवडेना. तेव्हा मार्बेकनं ती आटोपशीर करून पुन्हा एकदा, म्हणजे तिसऱ्यांदा, लिहून काढली. पॅरिसच्या साधूंना तीन पिढ्यांमध्ये जे तीन प्रयत्न करावे लागले, ते या एका माणसानं एका हातानं केले.

१५५० साली ती लंडनला छापून निघाली, राजा एडवर्डला अर्पण करून. छापणारा रिचर्ड ग्राफ्टन. जे मॅथ्यू बायबल मार्बेकला विकत घेता आलं नव्हतं, त्याच्या दोन प्रकाशकांपैकी हा एक. नऊशेहून अधिक मोठी पानं. सगळ्या इंग्रजी बायबलची ही पहिली शब्दसूची. त्याआधी १५३५ साली टॉमस गिब्सननं केली होती ती फक्त नव्या कराराची. अर्पणपत्रिकेत मार्बेक स्वतःविषयी फार नम्रपणे लिहितो. आपलं बहुतेक आयुष्य संगीतात आणि ऑर्गन वाजवण्यात गेलं, असं तो जवळजवळ क्षमा मागितल्यासारखं सांगतो.

पान उघडलं की पुस्तकाचं नाव, अध्यायाचा आकडा आणि पुढं एक अक्षर दिसतं. ए, बी, सी, डी. सेंट जाकच्या साधूंची ती युक्ती तीनशे वर्षांनी लंडनच्या छापखान्यात तशीच जिवंत होती, आता बायबलच्या समासात छापलेल्या अक्षरांच्या रूपानं. वचनांना आकडे देऊन नवा करार रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानं छापला तो पुढच्याच वर्षी, १५५१ साली. वचनांना आकडे दिलेलं पहिलं संपूर्ण इंग्रजी बायबल १५६०चं, जिनिव्हाहून आलेलं. म्हणजे जगातल्या बहुतेक बायबलांमध्ये आज जे वचनांचे आकडे असतात ते हाताशी नसताना, मार्बेकनं हे काम शेवटास नेलं. त्याला आणखी थोडी कळ काढता आली असती तर केवढे कष्ट वाचले असते! पण आकडे येणार आहेत हे त्याला कुठं ठाऊक होतं.

याच १५५० साली ग्राफ्टननं मार्बेकचं दुसरंही पुस्तक छापलं. इंग्लंडच्या चर्चनं नुकतीच लॅटिन सोडून इंग्रजी प्रार्थनापुस्तक स्वीकारलं होतं. त्या प्रार्थनांना मार्बेकनं सुरावट दिली, साधी, बहुतेक अक्षराला एक सूर, म्हणजे कुणालाही म्हणता यावी. प्रार्थनापुस्तक दोनच वर्षांत बदललं आणि ही सुरावट बाजूला पडली. एकोणिसाव्या शतकात ती शोधून पुन्हा गायली जाऊ लागली, आणि अँग्लिकन चर्चमध्ये ती आजही गातात. शब्दसूची आणि सुरावट ही एकाच माणसाची कामं आहेत हे उघड दिसतं. दोन्हींमागं हेतू एक, की जे आजवर थोड्यांपुरतं होतं ते सगळ्यांच्या तोंडी यावं. मार्बेक १५८५च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा रॉजर ऑक्सफर्डच्या ओरियल कॉलेजचा प्रमुख आणि पुढं राणी एलिझाबेथचा वैद्य झाला.

मार्बेकची सूची नंतर मागं पडली, हे स्वाभाविक होतं. १७३७ साली लंडनचा पुस्तकविक्रेता अलेक्झांडर क्रूडन यानं राजा जेम्सच्या बायबलची अधिक भरघोस सूची काढली, तीही एकट्यानं. ती राणी कॅरोलाइनला अर्पण केली आणि काही दिवसांतच राणी वारली. मिळायची बिदागी राहून गेली. पण ती सूची आजतागायत छापली जाते. १९५७ साली जॉन एलिसन या अमेरिकन पाद्र्यानं युनिव्हॅक संगणकाकडून एका नव्या भाषांतराची शब्दसूची करून घेतली, आणि तिथून पुढं हे काम माणसाच्या हातातून सुटत गेलं.

आपल्याकडेही ही विद्या आली, आणि मुंबईतच आली. कर्नल जी. ए. जेकब हे मुंबई इलाख्याच्या लष्करातले अधिकारी. लौकिक न्यायांचा संग्रह करणारे जेकब ते हेच. प्रमुख उपनिषदं आणि भगवद्गीता यांची त्यांनी केलेली शब्दसूची १८९१ साली बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये निघाली. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांमधून शब्द वेचले गेले आणि जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, तो कुठं आला ती जागा आणि आजूबाजूचं वाक्य. कपाटांमधून त्या अक्षरक्रमानं लावून ठेवल्या आहेत. आणि मराठी पुस्तकांचा शोध घेणारा प्रत्येक जण ज्यांच्या खांद्यावर उभा आहे ते शंकर गणेश दाते! १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली सूची अजून अभ्यासकांच्या हाताशी असते. शब्दांची असो की पुस्तकांची, सूची करणाऱ्याची जात एकच.

म्हणून मराठी प्रकाशकांना एक विनंती. संतवाङ्मय असो, इतिहास असो की चरित्र, पुस्तकाच्या शेवटी सूची द्या. चार पानं वाढतील, पण वाचक त्या पुस्तकाकडे दहादा परत येईल. आणि ती ज्यानं केली त्या सूचीकाराचं नाव आतल्या पानावर छापा.